बाबांच्या रायफलीचा भाव

बाबांची तेरवी झाल्यावर भावाने मला पहिला फोन केला तो सहीसाठी.

"ताई, एक कागद आहे. तुही सही पायजे त्याच्यावर."

"कायचा कागद?"

"बाबाच्या रायफलीचा. परवाना माया नावावर करून राहिलो. तुही हरकत नाही असं लिहून दे, बस."

"हरकत आहे," मी म्हणाले.

त्याला वाटलं असेल, मी मस्करी करते आहे. आमच्यात मस्करी बंद होऊन बराच काळ झाला होता, हे तो विसरला.

मूर्तिजापूरजवळच्या आमच्या शेतावरचा हक्क मी बाबांच्या हयातीतच सोडला होता. बाबांनीच बोलावलं, रजिस्ट्री ऑफिसात गेलो, मी सही केली. बाहेर आल्यावर भावाने मला एक साडी दिली. पिशवीत दुकानाची चिठ्ठी तशीच होती आणि तिच्यावर सवलतीचा शिक्का होता. आमच्याकडे बहिणी असंच करतात. सही करतात, साडी घेतात आणि माहेरचा रस्ता उघडा राहिला यात समाधान मानतात. मीही मानलं. पण त्यानंतर दोनदा दिवाळी आली आणि दोन्ही वेळा वहिनीचा फोन आला की आम्ही बाहेरगावी चाललो, तुम्ही येऊ नका. दुसऱ्या वेळी मी बाबांना सरळ फोन लावला. ते घरीच होते, सगळेच घरी होते.

म्हणून रायफलीवर मी अडले. जमीन गेली ती गेली. ही वस्तू मी त्याला फुकट देणार नव्हते.

ती काही मोठी मौल्यवान रायफल नव्हती. मूळची फौजेची, जुनी थ्री-नॉट-थ्री. फौजेच्या बोरच्या, म्हणजे नळीच्या मापाच्या, बंदुकीला साध्या माणसाला परवाना मिळत नाही, म्हणून रायफलीच्या आधीच्या मालकाने तिची नळी बदलून परवान्यात बसेल अशी करून घेतली होती. फौजेच्या रायफलीला नळीच्या तोंडापर्यंत लाकूड असतं, तेही त्याने पुढून कापून टाकलं होतं. बाबांनी ती पिकाच्या रक्षणासाठी घेतली. तुरीत रानडुकरं घुसली, हरभऱ्यात रोही, म्हणजे नीलगाई, उतरले, की बाबा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभे राहून हवेत एक बार काढायचे. जनावर मारलेलं मी तरी पाहिलं नाही.

बाबांसोबत धुऱ्यावर मी जायची. भाऊ बार ऐकला की घरात उशीखाली डोकं घालायचा. रायफल साफ करायला बाबा अंगणात बसले की समोर मी असायची. ते मागचा सरकता बोल्ट काढून माझ्या हातात द्यायचे, मी फ्लॅनेलची पट्टी तेलात बुडवून दोरीला बांधायची, ते नळीतून ओढायचे. मग नळी आभाळाकडे धरून एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, "पाह्य, कशी चमकून राहिली." मीही पाहायची. भावाने त्या नळीत कधी डोकावून पाहिलं नव्हतं. आता त्याला ती खांद्यावर टाकून फोटो काढायला हवी होती.

"इकून टाकू," मी फोनवर म्हणाले. "जे येईन त्याच्यातलं अर्धं मले दे. नाहीतर तू ठेव, पण भाव ठरव अन् माया हिस्सा दे."

"भाव? तिचा कायचा भाव? भंगार आहे ते."

"भंगार आहे तर तुले कायले पायजे?"

त्याने फोन ठेवला.

माझा धंदाच जुन्या गाड्यांचा आहे. अमरावतीत बडनेरा रस्त्याला आमचं दुकान आहे, वापरलेल्या मोटारसायकली आणि स्कूटर घ्यायच्या, दुरुस्त करायच्या, विकायच्या. नवरा मशीनचं पाहतो, भाव मी करते. त्यामुळे विकणारा कसा बोलतो आणि घेणारा कसा बोलतो हे मला तोंडपाठ आहे. घेणारा वस्तूला नावं ठेवतो. माझा भाऊ फोनवर घेणाऱ्यासारखा बोलला होता.

आठवड्याभराने त्याने व्हॉट्सअॅपवर रायफलीचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं की बाबा गेल्यावर नियमाप्रमाणे अकोल्याच्या बंदुकीच्या दुकानात ती जमा आहे, तिथल्या दुकानदाराने भाव सांगितला आहे. तो भाव इतका कमी होता की त्यात माझ्या दुकानातल्या मोपेडची टायरंसुद्धा आली नसती. मी फोटो मोठे करून पाहिले आणि मला वेगळाच राग आला. ही बाबांची रायफल नव्हतीच. म्हणजे होती, पण भावाने तिला नवरदेव करून टाकलं होतं. दस्त्याला लालभडक पॉलिश, त्यावर पितळी फुल्या, वरती दुर्बीण बसवायला पाडलेली भोकं, आणि नळीच्या पुढच्या भागावर पट्टा अडकवायला एक रुंद पितळी कडं. बाबा शेवटची दोन वर्षं अंथरुणावरच होते. तेव्हा हे सगळं झालं असणार.

अमरावतीत बंदुका विकणारा एक म्हातारा आहे. त्याच्याकडे गेले. लोखंडी जाळीमागे बसून तो पेपर वाचत होता. मी काउंटरवर फोन ठेवला. त्याने फोटो पाहिले आणि तोंड वाकडं केलं.

"कोनं केलं हे पाप?"

"भावानं."

"त्याले सांगा, आता हिले वरातीत घोड्यासंगं नाचवा."

"भाव काय येईल?"

"बाई, तुमी कोन्या धंद्यात?"

मी सांगितलं. तो जरा सरळ बसला, पण बोलणं सौम्य केलं नाही. "मंग तुमाले कायले शिकवा लागते? एखाद्यानं बुलेट गाडी कापून, रंगवून आणली, तर तुमी त्याच्या रंगाचे पैसे देता काय?"

देत नाही. उलट कापते. माणूस सांगतो, एवढ्याचा सायलेन्सर टाकला, एवढ्याची सीट शिवली. मी मनात म्हणते, हे सगळं काढून मूळचं बसवायला मला किती खर्च येईल. त्याच्या हौसेचा हिशेब तो बेरजेत धरतो, मी वजाबाकीत.

म्हाताऱ्याने मग खडसावत खडसावत सांगितलं. फौजेची रायफल जशीच्या तशी असली तर शौकीन माणूस तिला किंमत देतो. एकदा लाकूड कापलं, नळी बदलली, की ती फौजेचीही राहत नाही आणि शिकारीचीही होत नाही. वरून परवाने मिळत नाहीत, मिळाले तर एका माणसाला दोनापेक्षा जास्त हत्यारं ठेवता येत नाहीत, म्हणून गिऱ्हाईकच नाही. उरतो फक्त एक सवाल, ती नीट चालते की नाही. नळी चांगली तर काहीतरी भाव, नळी गेली तर काहीच नाही.

"ते कसं पाहाचं?"

"बोल्ट काढा. मागून डोळा लावा, पांढऱ्या भिंतीकडे नळी करा. आतल्या रेषा गोल फिरत सरळ तोंडापर्यंत गेल्या पायजे. मधात कुठं काळी कडी दिसली, त नमस्कार करून परत या."

"काळी कडी म्हणजे?"

"नळी आतून फुगली. एक गोळी अडकली अन् तिच्या मागून दुसरी झाडली, का असं होते. ते बंदूक पुन्हा खांद्याले लावाची नाही."

त्याने फोन माझ्याकडे सरकवला आणि पेपर वर उचलला. मी आभार मानले, ते त्याने ऐकले नाहीत.

भावाला मी कळवलं की मी अकोल्याला येते, तूही ये, माझ्यासमोर भाव होऊ दे. तो आला. जुन्या शहरात मोर्णा ओलांडल्यावर बाजाराच्या गल्लीत ते दुकान होतं. मी पोचले तेव्हा तो आणि दुकानदार आत चहा पीत बसले होते. दुकानदार त्याच्याच वयाचा, मनगटात जाड कडं. मला खुर्ची दिली नाही. मी स्टूल ओढून घेतलं.

"आल्या ताई," भाऊ दुकानदाराला म्हणाला. "आता भाव वाढवा."

दुकानदार हसला. "ताई, मी तुमच्या भावाचा दोस्त आहे म्हणून एवढा तरी भाव सांगतला. दुसरं कोनी उभंसुद्धा राहू देनार नाही."

"मले पाहू द्या."

"तुमाले काय कळते त्याच्यातलं?"

"नाही कळत. तरी पाहते."

त्याने भावाकडे पाहिलं. भावाने खांदे उडवले. दुकानदाराने आतून रायफल आणून काउंटरवर ठेवली. पॉलिशचा वास अजून येत होता. मी हात लावला आणि पहिल्यांदा डोळ्यांत पाणी आलं, पण त्या दोघांसमोर ते मला वाहू द्यायचं नव्हतं, म्हणून मी दस्त्याला नावं ठेवायला सुरुवात केली. ही भोकं तिरकी आहेत. या फुल्या हातात टोचतात. हे लाकूड कोणत्या सुताराने रंगवलं, तो पलंग करतो का?

"झालं?" भाऊ म्हणाला. "आता सही करते का?"

मी बोल्ट वर उचलला, मागे ओढला आणि बाहेर काढला. दुकानदाराचा चहाचा कप तोंडापाशी थांबला. त्याला वाटलं नव्हतं मला ते येत असेल. बाबांनी ते मला इतक्या वेळा करायला लावलं होतं की हात आपोआप चालले.

नळी मी दुकानाच्या चुन्याच्या भिंतीकडे केली आणि मागून डोळा लावला. रेषा गोल फिरत निघाल्या, अर्ध्याच्या पुढे गेल्या, आणि मग एक काळी कडी आली. तिच्यापुढे रेषा पुन्हा सुरू झाल्या होत्या. मी डोळा काढला, पुसला, पुन्हा लावला. कडी तिथेच होती.

मी रायफल खाली ठेवली आणि बोटाने बाहेरून तेवढं अंतर मोजलं. बोट त्या पितळी कड्यापाशी येऊन थांबलं.

आमच्या धंद्यात एक गोष्ट लवकर शिकायला मिळते. गाडीच्या एकाच भागावर नवं स्टिकर असलं, तर ते आधी खरवडायचं. खाली हमखास जोड असतो.

"हे कडं काढा," मी दुकानदाराला म्हणाले.

"कायले?"

"काढा."

"ते पट्ट्याचं आहे, ताई. काढलं का पॉलिश खराब होईन."

"होऊ द्या. भंगार तर आहे."

तो हलला नाही. भाऊ उठला आणि रायफलीवर हात ठेवला. "बस झालं आता तुयं. तू सही कराले आली होती, का तमाशा कराले?"

"नळी फुगली आहे," मी म्हणाले. "तुले माहीत आहे. याले बी माहीत आहे. म्हणून कडं घातलं. कोणी झाडली?"

दुकानदार उठून आतल्या खोलीत गेला. बाहेरचं बाहेर मिटवा, असं काहीतरी पुटपुटला. आम्ही दोघंच उरलो.

"मी झाडली," भाऊ म्हणाला. आवाज वर चढला होता. "बाबा दवाखान्यात होते तवा. डुकरं रोज येत होते शेतात. तू होती काय तिथं? तू अमरावतीले गाड्या इकत होती. पहिला बार फुसका निंगाला, मी दुसरा भरला. मले काय माहीत गोळी आतच रायली म्हणून? मले कोनी शिकवलं होतं काय? बाबानं सगळं तुलेच शिकवलं!"

शेवटचं वाक्य त्याने असं फेकलं की गल्लीतून जाणारा एकजण थांबून आत बघायला लागला.

परवाना बाबांचा, झाडली याने, हा गुन्हा होता. पण मला त्या क्षणी एकच विचारायचं होतं. "बाबाले माहीत होतं?"

"दवाखान्यातून आल्यावर त्यायनं साफ कराले मांगितली. मी आणून देली. नळीत पायलं अन् बाजूले ठेवली."

"काय म्हणले?"

"मले काई म्हणले नाहीत."

"काहीच नाही?"

तो माझ्याकडे पाहून हसला. ते हसू मला अजून दिसतं. इतके दिवस हातात राखून ठेवलेलं पान त्याने आता टाकलं होतं.

"म्हणले, बहिणीले दाखवू नको. ते एका नजरेत वळखीन अन् घर डोक्यावर घेईन."

बाबांनी मला ओळखलं होतं, हे खरं. आणि त्याच वाक्यात त्यांनी मला घराबाहेर ठेवलं होतं, हेही खरं. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा भेटायला गेले, तेव्हा त्यांना विचारलं होतं की बाबा, रायफल साफ करू का, आणि त्यांनी दरवेळी, राहू दे, हात दुखते, असं सांगितलं होतं. मी त्याला म्हातारपण समजले होते.

"आता तरी सही कर," भाऊ म्हणाला. "बाबाची इच्छा बी तेच होती."

"बाबाची इच्छा लपवाची होती. तुले देण्याची नाही."

"तू नुसती जळते."

"हो," मी म्हणाले. "जळते."

मी दुकानदाराला हाक मारली आणि सांगितलं, किमतीच्या चिठ्ठीवर नळी खराब आहे असं लिहून द्या. तो म्हणाला, मी असं लिहीत नसतो. मी म्हणाले, मग मी लिहिते. तिथून उठले ती सरळ जिल्हाधिकारी कार्यालयात गेले. अर्जात मी एवढंच लिहिलं की मी मयताची मुलगी आहे, माझी या परवान्याला हरकत आहे, आणि रायफलीची नळी फुगलेली असल्यामुळे ती तपासल्याशिवाय कुणालाही देऊ नये. कुणी झाडली, कधी झाडली, यातलं काही लिहिलं नाही. भावाला तुरुंगात पाठवायचं माझ्या मनात नव्हतं. त्याला रायफल मिळू नये, एवढंच होतं. लोक याला नंतर माझं मोठं मन म्हणाले. ते चुकीचं आहे. मला जे हवं होतं त्यासाठी तेवढा अर्ज पुरेसा होता.

तपासणी झाली. पोलिसांच्या हत्यारं पाहणाऱ्या माणसाने कडं काढलं. खालचा फुगवटा बाहेरूनही बोटाला लागत होता, असं भावानेच नंतर नातेवाइकांत चिडून सांगितलं. रायफल चालवायला अयोग्य ठरली. भावाला दोन वाटा सांगितल्या गेल्या. परवानगी घेऊन अधिकृत कारागिराकडून नळी बदलून घे आणि सगळ्या वारसांच्या संमतीने पुन्हा अर्ज कर, किंवा रायफल सरकारजमा कर. संमतीसाठी त्याने या वेळी मला फोन केला नाही. मोठ्या मामांना पाठवलं.

मामा दुकानात आले, गाड्यांच्या मधून वाट काढत काउंटरपाशी बसले. "एकच भाऊ आहे तुले," ते म्हणाले.

"त्याले बी एकच बहीण आहे, मामा."

"लोखंडाच्या तुकड्यापायी माहेर तोडतं काय कोनी?"

"माहेर दिवाळीलेच तुटलं होतं. तवा तुमी कुठं होते?"

मामांनी समोरचा चहा घेतला नाही. जाताना म्हणाले, "बाप असंच म्हणे तुले. दगड आहे म्हणे." मी त्यांना बसस्टँडपर्यंत सोडायला माणूस दिला, त्यांनी तो नाकारला.

शेवटी भावाने रायफल सरकारजमा केली. कागदावर दोघांची सही लागत होती. आम्ही एकाच टेबलावर, एकाच पेनाने, एकामागून एक सही केली आणि एकमेकांकडे पाहिलं नाही. कारकुनाने विचारलं की तुम्ही बहीण-भाऊ ना, तर दोघंही हो म्हणालो. अशा जमा झालेल्या बंदुका पुढे तोडून टाकतात, असं त्यानेच सांगितलं. त्याला वाटलं असेल, आम्हाला बरं वाटेल.

मला बरं वाटलं नाही. वाईटही वाटलं, असं म्हणता येणार नाही. बसमध्ये खिडकीशी बसले होते. मूर्तिजापूर आलं, गेलं. मी उतरले नाही.

पावसाळ्याआधी भावाने शेताभोवती विजेच्या झटक्याची तार लावली, हे मला गावातल्या एका बाईकडून कळलं. ती आमच्या दुकानात स्कूटर घ्यायला आली होती. तीच म्हणाली, "तुमचा भाऊ सांगत होता गावात, बहिणीनं रायफल मोडाले लावली म्हणून. खरं काय?"

"खरं आहे," मी म्हणाले आणि तिला स्कूटरचा भाव सांगितला. तिने तो कमी करायला सांगितला. मी केला नाही.